सबब

सांगलीच्या उपनिबंधक कचेरीत
सतरा वर्षं मी एक शब्द टंकत आले: सबब.
सबब, अर्ज नामंजूर.
सबब, प्रकरण दप्तरी दाखल.
त्याच्या आधी काय लिहायला हवं
हे कुणी विचारलं नाही.

मग नवी कार्यपद्धती आली.
परिपत्रक पातळ, बारा कलमं, एक टाचणी.
नोटीस द्या. म्हणणं ऐका.
कारणं लिहा, वाचणाऱ्याला कळतील अशी.
अपील कुठं, किती दिवसांत, तेही खाली छापा.
घोरपडे साहेब म्हणाले, आता निकाल नको, निबंध लिहा.
आम्ही हसलो. चहा आला.

पहिलीच फाईल पद्मावती ऐनापुरेची.
मापाडी परवाना, मार्केट यार्ड, हळद.
तीनदा नामंजूर, तिन्ही सबबी माझ्या बोटांच्या.
सुनावणीला आली तेव्हा नखांच्या कडांना पिवळं होतं,
लग्नाचं नव्हे, पोत्यांचं.
खुर्ची द्यायची असते हे परिपत्रकात नव्हतं;
नदाफ शिपायानं आपलं स्टूल सरकवलं.

"काटा येतो मला. वडलांच्या हाताखाली आठ हंगाम काढलेत.
नाही म्हणायचं तर म्हणा,
पण मापात कमी पडले, तर कितीनं?"

कितीनं.
मी फाईल मागं मागं उलटत गेले.
पान नऊ: मागील आदेश पाहावा.
मागील आदेश: त्याआधीचा पाहावा.
सगळ्यात तळाशी, दोऱ्याच्या गाठीपाशी,
पेन्सिलीनं, कुणाचं तरी सुरेख अक्षर:
बाई आहे. बघू.

नव्या नमुन्यात 'कारणे' पुढं चार ओळींची जागा आहे.
कर्सर तिथं लुकलुकत राहिला.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
हे लिहिता यायचं नाही, म्हणाले.
मग म्हणाले, मंजूर लिहा.
मी विचारलं, कारण?
पद्मावती आमच्या दोघांकडं बघत होती,
काटा स्थिर व्हायची वाट बघावी तशी.

लिहिलं. आठ हंगाम, वडलांचं नाव,
आणि पूर्वीच्या नकाराला कारण आढळून येत नाही.
साहेबांनी शेवटची ओळ दोनदा वाचली
आणि सही केली, नेहमीपेक्षा बारीक.

कार्यासन चारमध्ये अजून जुनाच नमुना चालतो,
संपेपर्यंत वापरा म्हणालेत, गठ्ठे पडून आहेत.

संध्याकाळी विश्रामबागला घरी आले.
पोरगा गृहपाठाचं काहीबाही सांगू लागला.
सबबी नकोत, म्हणणार होते,
तोंड उघडलं,
आणि त्याचं म्हणणं ऐकत उभी राहिले
पर्स खांद्यालाच.