जॉबवर्क

अंबडच्या शेडमध्ये आमचं नाव फक्त वीजबिलावर.
बुशिंग आम्ही करायचो, शिक्का त्यांचा,
खोकं त्यांचं, खोक्यावरचा वाघसुद्धा त्यांचा.
'दुसाने लेथ वर्क्स'
असा बोर्ड एकदा रंगवून आणला होता पप्पांनी.
तो पत्रा पुढं गळतीखाली लावला.

इसोगाई ऑडिटला आले तेव्हा जानेवारी होता.
मायक्रोमीटर स्वतःचा, डबा स्वतःचा,
पाणी नको म्हणाले, चहा मात्र तीनदा घेतला.
सोबत दुभाषी पुण्याची, शाल्मली,
सर्दीनं बेजार.

चौथ्या ट्रेवर त्यांचा अंगठा थांबला.
कॉलरच्या आतल्या अंगाला एक ठिपका,
तिळाएवढा, पंचनं मारलेला.
दुसऱ्या नगावर तोच. तिसऱ्यावर तोच.
हे ड्रॉइंगमध्ये नाही, शाल्मली म्हणाली.
पप्पा कॉटन वेस्टनं हात पुसत राहिले,
पुसून झालेले हात.

मला माहीत होता तो ठिपका.
सव्वीस वर्षं माहीत होता.

डबा उघडल्यावर इसोगाई बोलायला लागले,
बुशिंगबद्दल नाही.
तरुणपणी ते गेम बनवायचे, टीव्हीवरचे.
तांदळाच्या दुकानावर दोन खोल्या, अकरा माणसं,
बूट ठेवायला जागा नाही म्हणून बूट जिन्यात.
मोठी कंपनी काम द्यायची, तारीख द्यायची,
आणि करारात एक ओळ:
तुमचं नाव कुठंही येणार नाही.
तेरा वर्षं. बेचाळीस गेम.
शेवटी पडद्यावर नावं सरकायची, तीही टोपण.
कासव. दातदुखी. शिळा भात.
"शिळा भात मी," म्हणाले.
त्यांच्याकडे पाणी होतं, फक्त पाणी.
धबधबे, गटारं, समुद्र,
दुसऱ्यांच्या माकडांना बुडायला.

मग गेमला खोली आली
आणि यांच्या दोन खोल्या पुरेनात.
काम देणाऱ्यांनी पैसे थकवले,
मालकानं सासऱ्याची जमीन विकून एक दिवाळखोरी पुढं ढकलली,
आणि एका सोमवारी जिन्यात बूट नव्हते.
पगाराऐवजी प्रत्येकाला आपापली खुर्ची मिळाली.
इसोगाईंनी ती डोक्यावर घेऊन घरी नेली, चालत.
आता तिथं सायकली लावतात.

पण बेचाळिसांतल्या प्रत्येकात,
शाल्मली नाक पुसून म्हणाली,
भिंतीत एक वीट आहे, एका छटेनं वेगळी.
तिला धडकलं तर काही पडत नाही.

पवननगर. बाळू पगारेचं दुकान, तासाला पाच रुपये.
लेबल उडालेली कॅसेट, वर पेनानं 'माकड २'.
तिसऱ्या लेव्हलला, धबधब्यामागं,
शाळा बुडवून मी एका विटेवर डोकं आपटलं होतं
अख्खी सहामाही.
बाळू म्हणायचा, तिच्यात काही नाही गं, पुढं चल.

तीच का ही? विचारलं नाही.
त्यांनी घेतलेलं नाव जपानी होतं
आणि आमची कॅसेट कुणाचीच नव्हती.

संध्याकाळी त्यांना सोमेश्वरला नेलं.
जानेवारीतलं पाणी, खडकावरून नुसतं ओघळणारं,
एक सहल कठड्याला टेकून भेळ खात होती.
इसोगाईंची बोटं बराच वेळ हलत राहिली.
चार चित्रांत बसतं, म्हणाले.
गाडीत बसताना म्हणाले, नाही. पाच.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला.
दोनशे नग नापास. कारण: ड्रॉइंगबाह्य खूण.
सही, तारीख, सगळं रेषेत.
पप्पांनी तो मला दोनदा वाचायला लावला,
मग ट्रे ओढून नग मोजले, पुन्हा मोजले,
शाल्मलीनं विसरलेला रुमाल घडी करून बाजूला ठेवला
आणि भंगाराच्या चलानावर
नगांच्या रकान्यात
लिहिलं १९९.