ओलं फडकं

अशोक चौकाच्या मागं, वाचनालयाच्या पायरीशी
एक फळा. वर कुणीतरी कधीतरी रंगवलेलं :
'विचारा. माहीत असेल त्यानं सांगावं.'
खाली खडूचा डबा, आणि मी.

पगार नाही. साडेसहाला चहा मिळतो,
तोही मेहताबच्या मनात असेल तर.
तीस वर्षं वीजमंडळात मीटर वाचले,
लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले, निघालो.
एकदाही कुणाला विचारलं नाही,
या महिन्यात एवढं कमी का जळालं.

आता प्रश्न वाचतो.
'पासबुकावर आडनाव चुकलंय, कुठं जाऊ?'
'लूम बंद झाल्यावरही कानात चालूच राहतो, हे जातं का?'
'पाणी कधी?'
हा दर आठवड्याला येतो. मी खाली लिहितो :
आधी विचारलेला आहे, मागच्या मंगळवारचं उत्तर पाहा.
मागच्या मंगळवारी
कुणी उत्तर दिलेलंच नसतं.

शिव्या पुसतो. प्लॉटच्या जाहिराती पुसतो.
एकच प्रश्न दोन हातांनी आला तर एक करतो.
आणि हत्तुरे सरांना आवरतो.

सरांचं उत्तर नेहमी बरोबर असतं.
एप्रिलातलं सोलापूरचं ऊनही बरोबरच असतं.
एका पोरीनं टक्केवारी विचारली, सरांनी
पायरी पायरीनं सोडवून दिली, शेवटी लिहिलं :
'एवढंही येत नाही?'
मी गणित ठेवलं, शेवटची ओळ पुसली.
सर आठ दिवस बोलले नाहीत.
पोरगी अजून आलेली नाही.

पण सांगायचं ते हे नव्हे.
फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर
दर गुरुवारी गोल गोल काहीतरी उमटायचं,
बॉबिनवरून दोरा सुटून पडावा तसं.
पोरांची गिरगट, असं धरलं.
तीन गुरुवार पुसलं.
चौथ्या गुरुवारी मागून आवाज :
'कशाला पुसलालाव ओ काका?'

बालमणी गाजुल. कडेवर सूप,
सुपात कापलेली पानं, बोटं तंबाखूनं पिवळी.
'तेलुगू हाय ते. वाचता येईना तर ऱ्हाऊ द्यावं की.'
फडक्याखालून जे उरलं होतं ते तिनं
ओलं असतानाच वाचलं, मग मराठीत सांगितलं :
विड्या वळताना बोटं बधिर होतात,
दोरा हातात आहे की नाही तेही कळत नाही,
कुणाला असं होतं का?

कोण लिहितं, तिलाही ठाऊक नव्हतं.
खाली बसूनच आयुष्य गेलेली कुणीतरी,
म्हणून त्या उंचीवर.
तीनदा विचारलं होतं तिनं.
तीनदा मी उत्तर दिलं होतं, फडक्यानं.

बालमणीनं सूप पायरीवर ठेवलं,
उकिडवी बसली, दोन ओळी लिहिल्या.
काय लिहिलंस?
'मलाबी होतंय म्हणून लिहिलं.'
आणि उत्तर?
'उत्तर कुठलं. आपण एकटी न्हाई, एवढं कळंल तिला.'

फळ्याच्या कडेला नियम आहेत, माझ्याच अक्षरात.
चौथा : नुसतं 'मलाही' लिहू नये.
त्याला फडकं लागलं नाही,
अंगठ्यानं गेला.

शुक्रवारी हत्तुरे सर आले. बराच वेळ वाकून पाहिलं,
मग गुडघे धरत धरत खाली बसले.
'कानडीची मावसबहीण आहे ही लिपी,' म्हणाले, 'लागेल थोडं थोडं.'
लागलं असावं.
कानडीतच त्यांनी पाच ओळी लिहिल्या,
मध्ये दवाखान्याची वेळ, ती आकड्यांत,
तेवढी मला वाचता आली.
मग खडू झटकला आणि काही न बोलता गेले.

शेवटची ओळ इतरांपेक्षा लहान आहे.
काय आहे तीत, मला कळत नाही.
ठेवली.