पायरी तेवीस

खोका उघडला तेव्हा आत अर्धं इंजिन होतं
आणि अर्धा माणूस.
फिरदोस घडियाली, पारशी कॉलनी, दादर,
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
बहीण आलूबाई म्हणाल्या, पैसे नकोत,
पुरं झालं की एकदा दाखवायला आणा.

माझा धंदा दातांचा. डॉक्टर नव्हे,
डॉक्टरच्या मागचा माणूस.
ठाकुरद्वारच्या पोटमाळ्यावर
लोकांचे जबडे प्लास्टरात ओततो, मेणाचे दात कोरतो.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडातून हसतो आहे.

सूचनांच्या पुस्तिकेत, समासात, त्यांची पेन्सिल.
पायरी चार: भोक केसभर लहान, कानस मारली.
पायरी नऊ: कंपनीवाले गाढव आहेत.
पायरी सतरा, दोनदा अधोरेखित, नुसतं: धीमे.
पायरी बावीस: व्हॉल्व्ह गळतो. उद्या पाहू.
तेवीसपासून समास पांढरा.

तो उद्या माझ्याकडे आला.

व्हॉल्व्हचा चेहरा काचेवर घासला
कवळ्या चकचकीत करायच्या प्युमिसने,
आठाचा आकडा काढत, तर्जनीच्या वजनाने.
रेडिओवर बातम्या दोनदा येऊन गेल्या.
काच उचलून पाहिली तर पितळेत
माझं नाक, बऱ्यापैकी सरळ.

पिस्टन ढिला होता, निम्मी वाफ वाटेतच पळायची.
मुस्तफा टर्नर, कुंभारवाडा, म्हणाला,
एवढ्याशाला खोबण? थांब, चष्मा बदलतो.
चष्मा बदलला. खोबण पाडली.
रबराची बारीक कडी तीत अशी बसली
जशी लेकराच्या बोटात सोडतीतली अंगठी.
किती झाले, तर म्हणतो, धावलं तर दे.

चिमणीची टोपी हरवलेली.
ती मेणात कोरली, आणि साच्यात
सौ. परुळेकरांच्या मागच्या दाढेशेजारी लावली,
एकाच देठाला दोन फळं.
त्या आता चणे खातात म्हणे.

ड्रायव्हर किटमध्ये नव्हताच.
हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक उरलं होतं, त्याचा केला.
बायको म्हणाली, हा माणूस सोललेला दिसतो.

गच्चीवर, टाकीच्या सावलीत, पहिल्यांदा
चिमणीतून उकळतं पाणी थुंकलं, थेट माझ्या भिंगावर.
दुसऱ्यांदा वाऱ्यानं ज्योत नेली.
तिसऱ्यांदा चाकं फिरली. उलटी.
खाली उतरलो आणि त्या पांढऱ्या समासात
पहिल्यांदा लिहिलं, पेनाने, मराठीत:
पायरी एकतीस. एक्सेंट्रिक उलटा बसवला.
चूक माझी, कंपनीची नाही.
कुणासाठी लिहिलं ते विचारू नका.

आलूबाईंनी गालिचा गुंडाळून ठेवला होता.
रूळ जोडले, कपाटापासून खुर्चीभोवती, परत कपाट.
स्पिरिट पेटवलं
तसा त्यांनी डोक्यावर रुमाल ओढला, सवयीनं.
मग कितीतरी वेळ काहीच नाही.
भिंतीवरचं घड्याळ, खाली कुणाचा तरी प्रेशर कुकर,
आणि बॉयलरच्या पोटात वाटाणे हलल्यासारखा आवाज.

निघालं.
गुलाबी ड्रायव्हर मान न हलवता
खुर्चीला वळसा घालून गेला.
तेलाची, वाफेची, तापल्या पितळेची
बोटभर रेघ हवेत राहिली.
हा वास, त्या म्हणाल्या,
शनिवारी त्याच्या सदऱ्याला यायचा. धोब्याला ताप.

साडेतीन फेऱ्या, आणि स्पिरिट संपलं
नेमकं कपाटाखाली.
काठीनं त्यांनी ते हलकेच बाहेर ढकललं.

काय काय बदललंत?
मी बोटं मोडून सांगितलं, व्हॉल्व्ह, कडी, टोपी, बर्नरची वात.
भांडला असता तुमच्याशी.
कोण जिंकलं असतं?
जेवण थंड झालं असतं, त्या म्हणाल्या,
आणि माझ्यासमोर चहा ठेवला, पुदिन्याचा.

मुस्तफाचे पैसे द्यायचे आहेत.
डावा सिलिंडर अजून थेंब सोडतो.