मिस पिक

टॉवेलवर खडूची एक आडवी रेघ, शेजारी इंग्रजी एम.
बावीस वर्षं हेच अक्षर लिहिते मी
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, फोल्डिंग खात्यात,
ट्यूबलाइटपुढं कापड धरून.
एम म्हणजे मिस. मिस पिक.
धोटा या काठाचा त्या काठाला गेला,
पण धागा न घेता गेला.
मास्तरानं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
"दिसलं की लिही. पगारातनं कापू त्याच्या."

म्हणून परवा बेंगळुरूहून स्रवंतीचा मेसेज आला,
मिस यू अम्मा,
तेव्हा मी आधी स्वतःलाच उजेडात धरलं.
कुठला धागा घ्यायचा राहिला माझा?
नर्सिंगच्या फीसाठी तिचंच कानातलं मोडलं, ते?
की गाडी हलली तेव्हा
मी खिडकीकडं न बघता
पाण्याच्या बाटलीचं झाकण शोधत बसले, ते?

शब्द इंग्रजी, म्हणून गेले चिलवेरी सरांकडं.
कन्ना चौकात जिन्यावरची खोली,
डिक्शनरी उशीएवढी,
तिला अभ्रा सेकंडच्या चादरीचा.
सर म्हणाले, बस. क्रियापद आहे, वेळ लागेल.
मुळात अर्थ एवढाच, नेम चुकणं.
दगड मारला, कैरी तिथंच.
मग बस मिस, गाडी मिस,
मग पैसे वाचवायला मुद्दाम दिलेला मिस कॉल,
तेवढा एकच मिस
जो नेमका लागतो.
आणि माणूस मिस करणं?
ते फार उशिरा आलं, सर म्हणाले, कैक शतकांनी.
आधी हात चुकले, मग काळीज.
शाळेतली मिस मात्र निराळी,
तिचं घराणं दुसरं, तिचा याच्याशी संबंध नाही.
मला उगाच वाईट वाटलं.
स्रवंती बालवाडीत त्या मिससाठी रडायची.

मराठीत काय म्हणायचं मग याला?
सरांनी चष्मा काढला. आठवण येते, असं.
मी म्हटलं, ती तर आमच्या तेलुगूतपण येते.
येते, बसते, चहा पिऊन जाते.
हे न येण्याचं आहे, सर.
सर गप्प.
खाली रिक्षावाला कुणाला तरी
"काय बे" म्हणत होता.

सापडलं ते घरी, भाकरी थापताना.
दोन थापायच्या, तीन थापल्या.
शेजारची महानंदा दारातनंच म्हणाली,
"पोरगी गेल्यापासनं चुकल्याचुकल्यासारखं होत असंल की."
हात पिठातच राहिला.
चुकल्यासारखं.
म्हणजे इकडंपण आधी नेमच चुकतो,
बस चुकते, टाका चुकतो,
गड्ड्याच्या गर्दीत पोर चुकतं
(सहा वर्षांची होती, पाळण्यापाशी सापडली,
रडत नव्हती, मीच रडत होते),
हिशेब चुकतो,
आणि तोच चुकता झाला तर मिटतो, हे एक आणि नवल.
आणि मग, कुणाचंच काही चुकलेलं नसताना
घरभर चुकल्यासारखं होतं.
इंग्रजांना त्याला शतकं लागली.
महानंदाला उंबराही ओलांडावा लागला नाही.

आज यल्लप्पाच्या मागावरचा टॉवेल आला,
निळा, मधोमध मिस.
डोळ्याआधी बोटाला कळलं.
रेघ ओढली, एम लिहिला.
यल्लप्पा म्हणाला, "अक्का, एकच धागा की ओ."
मी म्हटलं, एकच असतो.

सुट्टी झाल्यावर तो मीच घेतला, सेकंडच्या भावात.
शेंगाचटणीच्या डब्याला गुंडाळला,
वर कडक भाकरी, सुतळी, पत्ता.
मेसेजला उत्तर दिलं नाही अजून.
खडू पुसला नाही.