पाठीवरचं दार

नक्षी कुठून सुचते, म्हणून विचारताय ना, बाई?
बसा. स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकवून घ्या.

इथं बोबो-द्यूलासोत, आमच्या गल्लीमागं
एक बिनछपराचं थेटर होतं.
पडदा म्हणजे चुना फासलेली भिंत,
तिच्यावर दोन पाली, कायमच्या रहिवासी.
शेजारची येली तिकिटं फाडायची,
गर्दी ओसरली की मला फुकट आत सोडायची,
म्हणून कुठल्याच सिनेमाची सुरुवात मला ठाऊक नाही.

त्या रात्री हरमातान सुटलेला,
दातांत धूळ करकरत होती,
आणि भिंतीवर बर्फ.
मी जन्मात बर्फ पाहिला नव्हता;
वाटलं, कुणी कापूस पिंजून गावभर सांडलाय
आणि आवरायला माणूस नाही.
त्या कापसातून एकजण चाललेला,
पाठीवर दार.
घर नाही, उंबरा नाही,
नुसतं दार, कडीसकट.
काय पुटपुटायचा, कुठल्या मुलखाची बोली, देव जाणे.
पण वाकलेली पाठ मला कळते,
मोळ्या मीही वाहिल्यात.

आणि जनरेटर गेला.

अंधारात शंभर माणसं, दार अधांतरी.
सायकलवाला द्राबो म्हणाला, विकायला नेतोय.
कुणी म्हणालं, शेकायला जाळेल.
एक म्हातारी बऱ्याच वेळानं म्हणाली,
लेकीच्या घराला दार नसेल.
मग जो तो आपापलं दार उचलून घरी गेला.

मला झोप कुठली!
पहाटे मागावर बसले, पांढरा ताणा चढवला.
आमच्या पट्ट्या वीतभर रुंद,
एकेक विणायची, मग कडेला कड शिवायची.
पहिल्या पट्टीत निळीचा एक चौकोन, अगदी खाली.
दुसरीत चार बोटं वर.
तिसरीत आणखी चार.
अकरा पट्ट्या झाल्या, बारावी कोरी ठेवली,
कारण पुढचं मलाही माहीत नव्हतं.
अंगणात पसरलं तेव्हा बहीण म्हणाली,
अगं, हे चालतंय की!

चालत होतं, पण ओझं नव्हतं त्याला.
चौकोन कसे फुलपाखरासारखे निघालेले.
आठवडाभर घडी तशीच पडून.

मग सुंगालोच्या नातवाचं बारसं.
म्हातारा बालाफोन घेऊन बसला,
मधली एक पट्टी तडकून गळालेली.
तिथं दुसरा कुणी चुकवून पुढं गेला असता.
यानं तिथंही काठी मारली,
दरवेळी, नेमकी, रिकाम्या जागी.
ऐकू काहीच आलं नाही,
आणि अख्ख्या अंगणानं ते ऐकलं.
माझ्या हातातलं दोलोचं भांडं तसंच राहिलं.

घरी येऊन कापड उलगडलं.
प्रत्येक दाराखालून तीन आडवे धागे
सुईच्या टोकानं उपसून काढले.
हात कापत होते, खोटं कशाला बोलू.
उन्हात धरलं, तर दाराखाली फटी,
फटींतून उजेड,
आणि दार जड झालं.

व्यापारी बारोनं फटीत बोट घातलं,
भोक आहे, म्हणाला.
म्हटलं, पाऊल आहे.
पाचशे फ्रँक कापले मेल्यानं.
भांडले असते, पण धोटा हातात शिवशिवत होता.

पुढं ते कापड एका नर्सनं घेतलं.
एकदा मोपेडवरून जाताना दिसली,
वारं भरलेलं,
दार मासळीबाजाराच्या वळणाला लागलेलं.
हाक मारणार होते,
अगं पोरी, कुठं उतरवतोय तो, बघ जरा.
तोवर ट्रक आडवा आला.

थेटरात आता सिमेंटची पोती असतात.
पाली आहेत.

तुम्हाला अगदी तसंच हवंय?
तसंच नाही जमायचं, बाई.
काल शाळेच्या पटांगणात बाहुल्यावाला आला होता.
त्याच्या राणीचा हात दोरीतून सुटला,
खाली पडला,
आणि तिनं वळून त्याच्याकडं असं पाहिलं...

बघू.
सुताचा रंग तेवढा सांगून ठेवा.