उंच लागून राह्यलं

रविवारी दवाखाना बंद असतो.
त्रिमूर्ती नगरातलं शटर अर्धं खाली ओढून
दात तपासायच्या टोकदार प्रोबने
मी प्लॅस्टिकच्या पंखावर पत्र्याचे सांधे कोरते.
एकास बहात्तर.
म्हणजे माझी करंगळी या जगात उभी राहिली
तर पहिल्या मजल्याच्या खिडकीशी पोचेल.

मे महिना. गोंद बाटलीतून काडीच्या टोकाशी येईतो
त्याला तार सुटते.
कूलर बंद ठेवावा लागतो,
नाहीतर शेपटाचा तांदळाएवढा तुकडा
खुर्चीखाली उडून जातो
आणि उरलेली संध्याकाळ मी गुडघ्यांवर.

आम्ही चौघं जमतो, प्रतापनगरला, पुसदेकरच्या गॅरेजात.
पुसदेकर व्हर्निअर कॅलिपर घेऊन जन्मला असावा.
डबा उघडल्या उघडल्या तो म्हणाला,
या मिगच्या पाठीचा कणा दीड मिलिमीटर जाड आहे.
नंदनवार म्हणाला, एक.
ठवरे म्हणाला, नकाशा कोणता धरला त्यावर आहे,
आणि नकाशा काढणाऱ्याने तरी
विमानाला कधी हात लावला होता का?
पोह्यांवरच्या तर्रीवर साय धरली.
करड्या रंगाचं तर बोलूच नका.
त्यावरून ठवरे आणि नंदनवार दिवाळीपासून अबोला धरून आहेत.
म्हणजे बोलतात,
पण माझ्यामार्फत.

मंगळवारी लांजेवार आले. खालची उजवी दाढ.
फॉर्मवर 'व्यवसाय'पुढे
'फिटर, हवाई दल', दोनदा गिरवलेलं.
गालात कापूस, जिभेवर आरसा,
आणि मी, निर्लज्ज, विचारते:
काका, कण्यावर रिव्हेटच्या रांगा किती?
त्यांनी दोन बोटं वर केली.
मग थांबून तिसरं,
अर्धं वाकवलेलं.
अर्धी रांग म्हणजे काय
हे चूळ भरेपर्यंत कळायला मार्ग नव्हता.

"दोन कंपनीच्या, मॅडम. तिसरी आमची.
पत्रा चिरला होता, थिगळ मारलं.
भर उन्हात. हात असा पोळला का काय सांगू.
रंग? सकाळी येगळा दिसे, दुपारी येगळा.
डब्यात जो असन तो लावला."
थिगळ केवढं होतं?
त्यांनी आपला तळहात उलटून पाहिला,
जणू तिथे लिहिलेलं असेल.
"एवढं. मोजाले कोनाले येळ होता?"

रात्री मी हिशेब केला.
तळहात भागिले बहात्तर:
दीड मिलिमीटरला जरा कमी.
पुसदेकरच्या चुकीएवढं थिगळ.
चॉकलेटच्या चांदीतून कापलं,
श्वास धरून चिकटवलं,
एक कोपरा मुद्दाम तिरका.

पुसदेकर म्हणाला, पुरावा?
नकाशात नाही. फोटोत नाही.
मी म्हटलं, खालची उजवी, सहा नंबर.
नंदनवार हसला, ठवरे हसला,
दोघांनी एकमेकांकडे जवळजवळ पाहिलं.
पुसदेकरने भिंग लावलं.
बराच वेळ लावून धरलं.
कॅलिपर मात्र खिशातच राहिला.

शुक्रवारी लांजेवारांची कॅप बसवली.
लॅबच्या मापाने चोख.
निळा कागद दातांत धरला, म्हटलं, चावा.
"थोडं उंच लागून राह्यलं."
घासली. चावा.
"अजून."
कागदावर आता डागसुद्धा उमटेना,
केसाचा कितवा भाग असेल कोण जाणे,
पण त्यांची जीभ तिथेच जाऊन अडत होती.
माझी नव्हती ना दाढ. पुन्हा घासली.
मग ते गप्प झाले,
जबडा दोनदा फिरवला, मान हलवली.

जाताना शेल्फपाशी थांबले.
चष्मा कपाळावर, डोळे बारीक.
थिगळाकडे पाहिलंच नाही.
"नाक आखूड झालं न याचं, मॅडम,"
म्हणाले, आणि चपला घातल्या.

किती आखूड, ते मी विचारलं नाही.
पुसदेकरलाही
अजून सांगितलेलं नाही.