सहाच्या बाजूला

नंबर कुठं असतो ते आधी सांगतो.
पट्टा काढायचा. दोन शिंगांच्या मध्ये,
सहाच्या बाजूला, जिथं वर्षानुवर्षांचा घाम
वाळून काळा झालेला असतो,
तिथं लाकडी काडीनं हळू खरवडायचं.
आकडे वर येतात.

खोट्या मालावर ते ॲसिडनं खाल्लेले,
भिंगाखाली वाळू पसरल्यासारखे.
खऱ्यावर कापलेले. रेघेच्या आत उजेड जातो
आणि वळून परत येतो.
दस्तगीर चाचांनी हे मला दाखवलं, हरभट रोडवर,
याच काउंटरमागं, बोलून नव्हे,
मान धरून, भिंगावर वाकवून.

माणूस विट्याचा. सुदाम बाबर.
वडील गलाईवाले, सेलमला भट्टी.
चाळीस वर्षं लोकांचं सोनं वितळवलं,
नावं कोरलेल्या अंगठ्या, कुणाकुणाच्या पाटल्या.
कसाला लावल्याशिवाय
कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही.
"आणि हे घड्याळ," सुदाम म्हणाला,
"मी जन्मलो त्या साली घेतलं. अडुसष्ट.
बापू कायम सांगायचे."

विकायचं होतं. पुण्याचं गिऱ्हाईक
साल लिहून मागत होतं.
घरातलं विचारायची माझी पद्धत नाही,
त्यानंच सांगितलं: बहिणीनं हक्कसोड दिलंय,
मागच्या आठवड्यात. साडी नेसवली तिला, चांगली.

पट्टा काढताना मला एक दिसलं होतं.
बोललो नाही.

झाकण उघडलं. आत आधीच्या हातांच्या खुणा,
सुईनं ओरखडलेल्या तारखा, एक तमिळ अक्षर.
मशीन त्याच घरचं, केस त्याच घरची,
काटे मूळचे. डायल पिवळट,
हळदीच्या बोटानं होते तशी नाही,
वयानं होते तशी.
असली आहे, म्हणालो. सुदाम पहिल्यांदा स्टुलावर
नीट बसला.

मग यादी. चाचांच्या हातची,
कुठल्या नंबरापासून कुठवर कुठलं साल.
एकोणीसच्या पुरात कृष्णामाई दुकानात आली तेव्हा भिजली,
साठपर्यंतची पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.
पुढची वाचता येतात.
बोट खाली नेलं. अडुसष्ट आलं,
गेलं. सत्तर. बहात्तर.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.
"त्याआधी हे घड्याळ नव्हतंच."

"नंबर चुकत असंल."
माणसं चुकतात, असं ओठावर आलं होतं.
गिळलं. नंबर बरोबर आहे, एवढंच बोललो.
बाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं,
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या.

"चौऱ्याहत्तर म्हणजे शालनचं साल."
हे त्यानं मला नाही सांगितलं.
काउंटरच्या काचेला सांगितलं.

मी पावती ओढली: असली, मूळ मशीन, साल.
"साल नका लिहू."
जरा वेळानं, "नाही, लिहा."
मग, "ऱ्हाऊ द्या."
पेन धरून मी बसलो. भिंतीवर
दुरुस्तीला आलेली सतरा घड्याळं,
एकाचं दुसऱ्याशी पटत नाही,
आपापलं वाजवत होती.

शेवटी त्यानं घड्याळ तसंच, पट्ट्याशिवाय,
रुमालात बांधलं. पावती घेतली नाही.
शालन तासगावला दिलेली, जाताजाता बोलला.
विट्याची गाडी तासगाववरूनच जाते.
तो मध्ये उतरला का, मला माहीत नाही.

पट्टा माझ्याकडं राहिला.
ड्रॉवरमध्ये आहे, स्प्रिंगांच्या डबीशेजारी.
बापूंचं भोक ताणून लांबट झालंय.
आणि तिथून दोन बोटं आत
दाभणानं पाडलेलं एक, वाकडं,
कडा गुळगुळीत, म्हणजे
बरेच दिवस वापरातलं.

एवढं बारीक मनगट
भट्टीवरच्या माणसाचं नसतं.